तुम्ही विचारलंत म्हणून: अब्बांचा कागद

“शेवटी शेवटी अब्बांची वसियत (मृत्युपत्र) बदलली कशी? तूच भरीस घातलंस ना त्यांना?” सोलापुरात विजापूर वेशीत कापड घेताना विचारतात, वलीम्याच्या जेवणात घास तोंडात असताना विचारतात. आजवर हसून टाळलं.

हो, अक्षर माझं आहे. अब्बांचा हात थरथरायचा, म्हणून मी लिहिलं. सही त्यांची, साक्षीदार दोघंही बाहेरचे. आपल्यात वसियत तोंडी सांगितली तरी चालते आणि जिवंतपणी हवी तेव्हा फिरवता येते, तरी मी कागदावर घेतली. उद्या हेच ऐकावं लागणार, हे मला ठाऊक होतं.

जुन्या कागदात पॉवरलूमची शेड धाकट्या भावाच्या नावे होती, ती मी काढून घेतली म्हणे. अहो, वारसाच्या नावे केलेली वसियत बाकीच्या वारसांनी मरणानंतर राजीखुशीनं कबूल केली, तरच टिकते. म्हणजे ती ओळ तशीही माझ्या होकारावर लटकलेली होती. मी होकार दिला असता? नसता दिला. भावाच्या निम्मा तर वाटा मला, त्यावरही पाणी सोडायचं?

पण त्या रात्री शेडचा विषय निघालाच नव्हता. अम्मी खाली बसून लसूण सोलत होती. अब्बा पलंगावरून सहज म्हणाले, “मेहर तर तू माफ केलंयस ना?” मेहर म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम.

अम्मीनं मान वर केली नाही. “कधी?”

“लग्नातच. अम्माजानने विचारलं होतं तुला.”

“विचारलं. खोलीभर तुमच्याकडच्या बायका होत्या. सोळा वर्षांची होते मी, मान हलवली.” मग सालं परातीत झटकत म्हणाली, “तुम्ही कधी विचारलंत?”

मला उठून जावंसं वाटलं, पण पाय हलेनात. आपल्याकडे मय्यत दारात असताना बाईला म्हणतात, मेहर बख्श दे, त्याची वाट सोपी होईल. तिथं नाही म्हणणारी मी तरी पाहिलेली नाही. अम्मीनं निदान नवऱ्याच्या तोंडावर म्हटलं. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लिख, बेटी.” आजच्या सोन्याच्या भावानं लिहू का, असं मी विचारलं, तर अम्मीच तडकली, “निकाहनाम्यात पाचशे एक आहेत, तेवढेच लिही.”

मेहर हे कर्ज आहे. कफन-दफनानंतर आधी कर्ज फेडायचं, मग उरलेल्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत वसियत, मग वाटणी. शेडची ओळ अब्बांनी त्यानंतर स्वतःच्या हातानं खोडली. माझ्याकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या हिश्शात त्यांनी रोज्यांचा फिदया घातला, म्हणजे सुटलेल्या रोज्यांच्या बदल्यात गरिबांना द्यायचं धान्य. इन्सुलिन सुरू झाल्यापासून अकरा रमजान सुटले होते. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या साली बरा होईन, ठेवीन. त्यामुळे जिवंतपणी फिदया दिलाच नाही. एका रोज्याला पावणेदोन किलो गहू धरले तर पावणेसहा क्विंटलच्या आसपास जातात. पूर्वी मी अशा हिशेबाला हसायचे. अल्लाह काय पोती मोजत बसणार आहे? अजूनही पुरतं पटलंय असं नाही. पण आम्ही हनफी विचारशाखेचे. वसियत केली नसती, तर ते देणं वारसांवर बंधनकारक राहिलं नसतं आणि आमच्यापैकी एकानंही दिलं नसतं. मी धरून.

नाईट शिफ्टमध्ये सुटलेल्या नमाजांचं मात्र त्यात काही नाही. विषय मी काढला होता. पाच फर्ज नमाज आणि रात्रीची वित्र नमाज मिळून दिवसाचे सहा फिदये, म्हणजे एका वर्षाचे अडतीस क्विंटल गहू. अब्बा म्हणाले, “ते राहू दे.” धाकटा म्हणतो, एवढा दीनदार कागद लिहिलास, मग हेच कसं गाळलंस? मी म्हटलं, तू दे ना तुझ्या वाट्यातून, खुशीनं दिलेलंही चालतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.