खालून पहिले बटण

मंगळवार, रात्र

आज सकाळी सव्वासातला थेरपी चालू असताना कचरागाडी आली, आणि गेल्या पाच आठवड्यांत जे माझ्याने झाले नव्हते ते त्या गाडीने करून दाखवले. विसरण्याआधी सगळे नीट लिहून ठेवते.

आमची लेक सात वर्षांची आहे. जन्माच्या सुमारास तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, त्यामुळे शरीराची उजवी बाजू ताठर राहते; डॉक्टरांच्या भाषेत सेरेब्रल पाल्सी आणि त्यातला हेमिप्लेजिया हा प्रकार. ती चालते, धावते, जिना उतरताना कठडा धरते आणि बोलण्यात तर आम्हा सर्वांना पुरून उरते. अडते ते उजव्या हातापाशी. कोपर वाकलेले, मनगट खाली झुकलेले, अंगठा मुठीत आणि तळहात सदैव जमिनीकडे. वर्षभरापूर्वीपर्यंत आम्ही तिला आठवड्यातून तीनदा शहरातल्या एका केंद्रात नेत होतो. इंदूरमधल्या आमच्या सुदामानगरहून जायला चाळीस मिनिटे, तिथे ताटकळण्यात जवळजवळ तेवढीच, आणि प्रत्यक्ष उपचार अर्धा तास. तिथे ती मणी ओवायची, खुंट्या लावायची, ठोकळ्यांचे मनोरे रचायची, आणि घरी परतल्यावर दमलेल्या मुलीला मीच घास भरवायची. दहा खुंट्या लावणाऱ्या हाताला पोळीचा तुकडा का तोडता येत नाही, असे मी एकदा विचारले, तेव्हा 'होईल हळूहळू' एवढेच उत्तर मिळाले.

आता ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे स्वतःची स्वतः करायला शिकवणाऱ्या, ताई आम्हाला मिळाल्या आहेत त्या पुण्याला असतात आणि फोनच्या पडद्यावर भेटतात. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी सगळी कागदपत्रे बाजूला ठेवायला सांगितली. त्यात अपंगत्वाचे प्रमाणपत्रही होते. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक हा आकडा सवलतींसाठी लागतो आणि तो मिळवण्यासाठी आम्ही किती रांगा लावल्या ते आम्हालाच ठाऊक, पण शाळेतला डबा मुलीला उघडता येतो की नाही, हे काही त्या टक्केवारीवरून कळत नाही. ताईंनी प्रश्न विचारला तोही मला नव्हे, तिला. 'तुला स्वतःचं स्वतः काय करायचं आहे?' मला वाटले होते, ती सायकल म्हणेल. ती म्हणाली, 'डब्याचं झाकण.' मग म्हणाली, 'आणि शर्टाचं बटण. आई ओढते, मला गुदगुल्या होतात.' पुढे ताईंनी तिला दहापैकी गुण द्यायला लावले: आत्ता ते काम किती जमते, आणि जसे जमते त्यावर ती किती खूश आहे. झाकणाला जमण्याचे दोन, खुशीचा एक. या गुणपत्रिकेची पद्धत कॅनडातल्या थेरपिस्टांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केली, असे ताईंनी नंतर सांगितले. माझ्या मनात मात्र तेव्हा एकच विचार होता, की सात वर्षांत आम्ही तिला हे एकदाही विचारले नव्हते.

पडद्यावरून उपचार म्हणजे नेमके काय, याबद्दल आमच्या घरी बरीच शंका होती. हात न लावता हाताचा इलाज कसा होणार, हा सासूबाईंचा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर असे निघाले, की पुण्याचा हात इथवर पोचत नाही म्हणून जे काही करायचे ते आमच्याच हातांनी, आमच्याच वस्तूंनी आणि आमच्याच वेळी करावे लागते. म्हणून मंगळवारचे सत्र शाळेच्या तयारीच्या वेळी असते आणि शुक्रवारचे रात्रीच्या जेवणाच्या वेळी. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायचा, आणि तोही समोरून नव्हे, तर उजव्या बाजूने, कारण समोरून चेहराच दिसतो, मनगट दिसत नाही. आंघोळीच्या बाबतीत ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले की मुलीचे चित्रण करायचे नाही, पाठवायचे तर मुळीच नाही. त्यांनी फक्त रिकामे न्हाणीघर दाखवायला लावले. बादली कुठे, नळ किती उंच, पाणी घ्यायचा मग कसला, फरशी निसरडी आहे का. ते पाहून त्यांनी बादली पाटावर चढवली, नळाजवळ प्लॅस्टिकचे बुटके स्टूल मांडले, खाली रबरी जाळी अंथरली आणि साबण डाव्या हाताला आणून ठेवायला सांगितला. व्यायाम एकही सांगितला नाही. त्या आठवड्यापासून ती पायांवर पाणी स्वतः घेते.

तर बटण. कपडे घालताना आखडलेला हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी, हे मला केंद्रातही कोणी सांगितले नव्हते आणि ते कळल्यावर आमची रोजची निम्मी ओढाताण थांबली. बटणे खालून वर लावायची, कारण सगळ्यांत खालचे बटण आणि त्याचे काज दोन्ही तिला मान वाकवून दिसतात, गळ्याजवळचे दिसतच नाही. उजव्या हाताचे काम शर्टाची कड पोटाशी दाबून धरण्याचे. ताई त्याला 'मदतनीस हात' म्हणतात, 'कमजोर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. आणि शिकवायचे ते उलट्या क्रमाने. बटण काजातून निम्मे बाहेर येईपर्यंत मी करायचे, शेवटचे ओढणे तेवढे तिचे. काम पुरे झाल्याचा आनंद रोज तिच्या वाट्याला आला पाहिजे. ते साधले की मी एक पायरी आधी थांबायचे, मग आणखी एक.

हे थांबणेच मला जमत नाही. माझी बोटे आपोआप पुढे जातात. बँकेत जायची घाई असते, रिक्षा दारात असते, आणि तिची जीभ दातांत धरून चाललेली धडपड बघवतही नाही. ताई पडद्यावरून 'आई, हात मागे' म्हणतात, मी हात मागे घेते, आणि दहा सेकंदांत ते पुन्हा तिच्या शर्टावर असतात. एकदा त्यांनी मला माझ्याच हातांवर बसायला लावले. खरोखर, दोन्ही तळहात मांडीखाली. बघून लेक इतकी हसली की ते सत्र तिथेच आटोपले.

आज खालचे बटण चालू असताना गल्लीच्या टोकाला गाडीचे गाणे वाजले. आमच्या इंदूरमध्ये ही गाडी चुकवणे म्हणजे दिवसभर कचरा उशाशी घेऊन बसणे. सासूबाई देवपूजेत, हे आंघोळीला. 'आलेच' म्हणून मी ओला-सुका दोन्ही बादल्या उचलून धावले. शेजारच्या काकूंनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला, त्यात चार-पाच मिनिटे गेली असतील. परतले तेव्हा लेक आतल्या बनियनवर चढवलेला शर्ट दोन बोटांत धरून फोनसमोर उभी होती आणि खालून पहिले बटण काजात होते. पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचे. दुसरे बटण चुकीच्या काजात गेले होते, त्याबद्दल दोघींपैकी कोणीही अवाक्षर काढले नाही. ताई म्हणाल्या, 'मी काही केलं नाही, नुसती बसून होते. तुमच्याकडे गाडी रोज येते ना?'

मी हसले, पण मग शर्ट सारखा करायच्या निमित्ताने आत गेले आणि डोळे पुसून आले.

गुरुवार

विशेष काही नाही. उशीर झाला म्हणून सकाळी सगळी बटणे मीच लावली. ती काही बोलली नाही, फक्त पोट आत ओढून उभी राहिली. तिची ही नाराजी मी ओळखते.

रविवार, रात्र

शुक्रवारचे सत्र नेटवर्कमुळे दोनदा तुटले. ताईंचा चेहरा उघड्या तोंडाने गोठला की लेकीला भारी मौज वाटते. तरीही काम झाले, कारण विषय झाकणाचा होता. मागच्या आठवड्यात राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून मी चार प्रकारचे डबे आणले होते, ते आणि घरातले जुने असे नऊ डबे ताईंनी ओळीने मांडायला लावले. फिरकीचे झाकण दोन्ही हातांनी पिळावे लागते, ते बाद. क्लिपचे डबे बोटांना चिमटे काढतात. निवडला तो कडेला जीभ असलेला साधा प्लॅस्टिकचा डबा, जो आणताना मला सर्वांत गावंढळ वाटला होता. त्याच्याखाली कपाटाच्या खणात घालतात ती रबरी जाळी, वर उजव्या हाताचा दाब आणि डाव्या हाताने जीभ उचलणे. आठ वेळा प्रयत्न, तीनदा उघडला. चमच्याच्या दांड्यावर एसीच्या पाइपाला लावतात तो काळा फोम चढवला आहे, तो मात्र पहिल्याच दिवशी तिला आवडला. त्यामुळे पोहे आता वाटीबाहेर कमी आणि तोंडात जास्त जातात. शेव अजूनही ती बोटांनीच वेचते, आणि तो काही आजार नव्हे.

रोज किती वेळ सराव घ्यायचा, असे मी ताईंना विचारले होते. माझी तयारी तासाभराची होती. त्यांनी 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाचा हवाला दिला. सेरेब्रल पाल्सी असलेली 36 मुले, घरच्यांबरोबर ठरवलेली उद्दिष्टे आणि आठ आठवड्यांचा घरगुती कार्यक्रम. ज्या मुलांना फरक पडला त्यांचे आईवडील महिन्यातून सरासरी सतरा-अठरा वेळा, दर वेळी सुमारे साडेसोळा मिनिटे सराव घेत होते. म्हणजे रोजसुद्धा नाही. हे ऐकून मला हायसे वाटले, आणि थोडा रागही आला, कारण सात वर्षे मी स्वतःला आळशी समजत होते.

पडद्याच्या मर्यादा ताई स्वतःच सांगतात. स्नायू किती ताठ आहे हे हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही. मेंदूतली इजा वाढत नसली तरी मूल वाढते, हाडे लांब होतात आणि आखडलेले स्नायू मागे पडतात, त्यामुळे दर तीन महिन्यांनी इथल्या डॉक्टरांकडे प्रत्यक्ष तपासणी होते आणि रात्री हाताला बांधायचा आधार, म्हणजे स्प्लिंटही तिथेच मापून घेतला आहे. नुसत्या फोनवर भागेल असे कोणी सांगितले तर मी विश्वास ठेवणार नाही.

आज लोकमान्यनगरला चुलतसासऱ्यांकडे सत्यनारायण होता. सासूबाईंचा आणि माझा जुना वाद म्हणजे डावा हात. ती जेवते डाव्या हाताने, लिहिते डाव्या हाताने, पण प्रसाद डाव्या हाताने घ्यायचा नाही यावर त्या ठाम. मी हे ताईंना तक्रारीच्या सुरात सांगितले होते, तर त्यांनी मला उलटेच विचारले, 'तीर्थ कसं घेतात, दाखवा बरं.' मी उजवा तळहात वर केला आणि त्याखाली डावा धरला. 'हेच तर हवंय,' ताई म्हणाल्या. तळहात आभाळाकडे वळवणे हीच तिच्या हाताची सर्वांत अवघड हालचाल, आणि इथे डावा हात उजव्याला खालून आधार देऊन वळवायला मोकळा. तेव्हापासून रोज सकाळी सासूबाई तिला देवघरासमोर बसवून पळीभर पाणी देतात. माझ्यापेक्षा त्यांच्याकडे धीर जास्त आहे, हे मला मान्य करावे लागेल.

आज रांगेत तिची पाळी आली तेव्हा तिने डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि वळवायला सुरुवात केली. मागे वीसेक माणसे होती. गुरुजी पळी घेऊन थांबले. कोणीतरी म्हणाले, 'डावा कर गं बाळा, लहान मुलांना चालतं.' सासूबाई मागे न बघता म्हणाल्या, 'थांबा जरा, तिचं चाललंय.' तळहात पुरता वर झाला नाही, तिरपाच राहिला. पंचामृत निम्मे फ्रॉकवर सांडले आणि उरलेले तिने चाटून घेतले. मग सगळे करतात तसा तिने तो ओला हात डोक्यावरून फिरवला. उजवा हात, डोक्यापर्यंत.

मंगळवारी ताई विचारतील, कोपर किती सरळ झाले, खांदा वर उचलला की मान खाली गेली. चित्रण नाही. माझ्या एका हातात शिऱ्याचा द्रोण होता आणि दुसऱ्यात तिच्या चपला.

मधाने केस चिकट झाले होते आणि उद्या शाळा, म्हणून घरी आल्यावर रात्रीच धुवावे लागले. ती स्टुलावर बसली, पाण्याचा मग तिने धरला, शाम्पू मी लावला.