लेसन व्ह्यू ट्रॅकर: डॉक्स लिहायला बसलो आणि कोड बदलावा लागला

या आठवड्यात ठरवलं होतं की कोडला हात लावायचा नाही, फक्त डॉक्स, म्हणजे वापरणाऱ्यासाठी माहितीची पानं, पूर्ण करायचे. ते काही जमलं नाही, पण जे झालं ते चांगलंच झालं असं मला वाटतंय.

आधीचं वाचलं नसेल तर थोडक्यात सांगतो. ताई स्टॅटिस्टिक्सचे लेसन रेकॉर्ड करून विद्यार्थ्यांना देते आणि कोणी किती बघितलं ते तिला कळावं म्हणून मी फास्टएपीआय (पायथनचं फ्रेमवर्क) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरून छोटा एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामशी माहितीची देवाणघेवाण करणारा प्रोग्राम, केलाय. व्हिडिओ चालू असताना प्लेअर दर १५ सेकंदांनी एक हार्टबीट, म्हणजे बघणं चालू असल्याचा छोटा मेसेज, पाठवतो, सर्व्हर ते साठवतो, बस.

फास्टएपीआय ओपनएपीआयचं स्पेक (एपीआयचं ठरलेल्या साच्यातलं वर्णन) आपोआप बनवतं आणि ट्राय करून बघायचं पानही तयार मिळतं, त्यामुळे इतके दिवस मी डॉक्स झालेत असंच धरून चाललो होतो. पण त्या पानावर फील्डचं नाव कळतं, टाइप कळतो, अर्थ कुठे कळतो? ताईची साइट सांभाळणाऱ्या मुलाने ते उघडलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "दादा, व्ह्यूड हे ट्रू नक्की कधी होतं?"

मी उत्तर लिहायला बसलो आणि अडकलो. कोडमध्ये होतं असं की शेवटची पोझिशन ९० टक्क्यांच्या पुढे गेली की व्ह्यूड (लेसन पाहिला का ते सांगणारं फील्ड) ट्रू. म्हणजे कोणी स्लायडर धरून शेवटाला नेला तरी लेसन पाहिला! हे वाक्य डॉक्समध्ये लिहिताना हातच थांबला, कारण हे वाचून कुठलीही शिक्षिका त्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

मग इतरांनी हे कसं केलंय ते बघितलं. स्कॉर्म १.२ या ऑनलाइन कोर्सच्या जुन्या स्टँडर्डमध्ये लेसन स्टेटसच्या ठरलेल्या सहा किमती आहेत, त्यात कम्प्लीटेड आणि इनकम्प्लीटसोबत ब्राउज्ड अशीही एक आहे, म्हणजे नुसतं चाळलं. एक्सएपीआय हे शिकण्याच्या नोंदी ठेवायचं नंतरचं स्टँडर्ड २०१३ साली आलं, त्याच्या व्हिडिओ प्रोफाइलमध्ये तर प्लेड सेगमेंट्स म्हणून एक्स्टेन्शनच आहे, कुठून कुठपर्यंत बघितलं त्याचे तुकडे ठेवायचे. हे मला एकदम पटलं. आता हार्टबीटमध्ये सेकंदांची संख्या जात नाही, व्हिडिओमधली सुरुवात आणि शेवट जातो. दुप्पट स्पीडने बघणाऱ्याचे घड्याळाचे १५ सेकंद म्हणजे व्हिडिओचे ३० सेकंद, तो गोंधळही त्यातच सुटला.

डॉक्समधलं उदाहरण असं ठेवलंय: ६०० सेकंदांचा लेसन, एकाने आधी ० ते ३०० बघितलं आणि नंतर २०० ते ४०० बघितलं. एकूण बघण्याचे ५०० सेकंद, पण वेगळे सेकंद ४००च, म्हणून कव्हरेज (लेसनचा किती भाग पाहिला) ६६.७ टक्के. दोन्ही आकडे वेगवेगळ्या फील्डमध्ये देतो, कारण ते मधले १०० सेकंद पुन्हा बघावेसे का वाटले हे ताईला हवंच असतं, तिथेच बहुतेक समजवायला कमी पडलंय असं ती म्हणते. व्ह्यूड आता या कव्हरेजवरून ठरतं.

दुसरी गोष्ट ऑथेंटिकेशनच्या (रिक्वेस्ट कोणाची ते तपासण्याच्या) पानाची. मी लिहिलं की प्रत्येक रिक्वेस्टला ऑथरायझेशन हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीत) टोकन, म्हणजे ओळखीची किल्ली, हवं, आणि नंतर प्लेअरच्या कोडचा नमुना चिकटवायला घेतला तर टॅब बंद होताना शेवटचा हार्टबीट सेंडबीकनने (पान बंद होतानाही डेटा पाठवणाऱ्या ब्राउझरच्या फंक्शनने) जात होता, आणि सेंडबीकनला असं हेडर लावताच येत नाही!! म्हणजे प्रत्येकाचा शेवटचा तुकडा ४०१ (ओळख पटली नाही) होऊन हरवत होता आणि मला पत्ताच नव्हता. आता तिथे फेच (ब्राउझरचं रिक्वेस्ट पाठवायचं नेहमीचं फंक्शन) वापरलंय, कीपअलाइव्ह ट्रू करून, म्हणजे टॅब बंद झाला तरी रिक्वेस्ट जाते, आणि त्यात हेडरही जातं. त्याची मर्यादा ६४ केबी आहे पण आपला हार्टबीट त्यापुढे काहीच नाही.

वेळेचंही तसंच. टाइमस्टॅम्पसाठी उदाहरण लिहिताना लक्षात आलं की टाइमझोन नसलेली वेळही सर्व्हर गपचूप घेतोय. रात्री १:१० ला अभ्यास करणारा मुलगा यूटीसीत (आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) आदल्या दिवशीच्या ७:४० संध्याकाळी जातो, आणि रोजच्या रिपोर्टमध्ये त्याचा दिवस चुकतो. परीक्षेच्या आधी बरीच मुलं रात्रीच बसतात. आता +०५:३० किंवा दुसरा ऑफसेट दिल्याशिवाय ४२२ (डेटा चुकीचा) येतो, आणि एरर मेसेजमध्ये बरोबर नमुनाही दिलाय.

रिट्रायचं (पुन्हा पाठवण्याचं) पान छोटंच आहे. प्रत्येक हार्टबीटला क्लायंटनेच (इथे प्लेअरने) यूयूआयडी, म्हणजे एकमेव आयडी, द्यायचा, तोच परत आला तर दुसऱ्यांदा मोजायचा नाही, आयडी तोच पण मजकूर वेगळा असेल तर ४०९ (आधीच्या नोंदीशी जुळत नाही). नेट गेलं-आलं की डबल मोजणी व्हायची ती बंद झाली.

राहिलंय ते एवढंच: चेंजलॉग (बदलांची यादी), आणि ताईसाठी मराठीत एक पान ज्यात एंडपॉइंट (एपीआयचे पत्ते) वगैरे काही नसेल, फक्त रिपोर्टमधला प्रत्येक आकडा कशावरून येतो ते असेल. त्याचा पहिला खर्डा तिला काल पाठवला, तिने कव्हरेजच्या जागी "पाहिलेला भाग" असं लिहून परत पाठवलाय, तेच ठेवतोय.