पेनड्राइव्हवरून वेबअसेंब्ली: नेट नसलेल्या गावातही चालणारा बिल्ड

वेबअसेंब्ली म्हणजे सी, रस्टसारख्या भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवायचं तंत्र. त्यावरचं बहुतेक लिखाण नेट कायम चालू आहे असं धरूनच केलेलं असतं. बेळगावात उद्यमबागेतल्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये ते खपून जातं. पण खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ऐन पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, आणि तिथली पोरं शहरात शिकून सुट्टीला घरी जातात तेव्हा त्यांचा प्रोजेक्ट तिथेच अडकतो. म्हणून माझं मत ठाम आहे: कंपायलर, लायब्ररी आणि सगळी साधनं शहरात एकदाच एका कंटेनर इमेजमध्ये (सगळं आत बसवलेल्या, कुठल्याही मशीनवर उघडता येणाऱ्या गाठोड्यात) बांधून घ्यायची आणि ती इमेज पेनड्राइव्हवर घरी न्यायची.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

उदाहरणाला आपल्याकडचंच एक काम घेऊ. निपाणी, संकेश्वर, बेळगाव या भागातल्या दुकानदाराला मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत बिल छापायचंय, तेही ब्राउझरमध्येच. पडद्यावर अक्षरं नीट दिसतात, कारण ती जोडायचं काम ब्राउझर स्वतः करतो. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच जावास्क्रिप्ट लायब्ररी मात्र हे काम करत नाहीत. मग जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते आणि कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं व्यंजन) खाली लागतच नाहीत. यावरचा पक्का इलाज म्हणजे अक्षरं नीट जोडून देणारी हार्फबझ. ती सी प्लस प्लसमधली लायब्ररी असल्यामुळे ब्राउझरात आणायची तर वेबअसेंब्लीत कंपाइल करावी लागते, आणि त्यासाठी एमस्क्रिप्टेन हा कंपायलर लागतो.

डॉकर म्हणजे कंटेनर बांधायचं आणि चालवायचं साधन, आणि एमस्क्रिप्टेनची तयार डॉकर इमेज मिळते. डॉकरफाइलच्या (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलीच्या) पहिल्या ओळीत तिचा आवृत्ती क्रमांक लिहा, उदाहरणार्थ 3.1.64. 'लेटेस्ट' लिहू नका. एमस्क्रिप्टेनमध्ये आवृत्तीगणिक डीफॉल्ट बदलतात. 3.1.27 मध्ये स्टॅकचा (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीचा) डीफॉल्ट आकार 5 एमबीवरून थेट 64 केबीवर आला, आणि जुना चांगला चालणारा कोड नव्या कंपायलरवर कोसळायला तेवढं कारण पुरतं.

दुसरी ओळ महत्त्वाची. हार्फबझ, फ्रीटाइप, झेडलिब अशा लायब्ररी एमस्क्रिप्टेन 'पोर्ट' म्हणून देतं, पण त्या इमेजमध्ये आधीपासून नसतात. तुम्ही पहिल्यांदा लिंक करता तेव्हा एमस्क्रिप्टेन त्या नेटवरून उतरवून बांधतं. शहरात हे लक्षातही येत नाही, गावी गेल्यावर मात्र बिल्ड अडतो. म्हणून डॉकरफाइलमध्येच 'रन एमबिल्डर बिल्ड फ्रीटाइप हार्फबझ' टाका. थ्रेड वापरणार असाल तर त्याच लायब्ररीची वेगळी, थ्रेडवाली प्रत लागते, तीही आत्ताच बांधून ठेवा. रस्ट वापरणाऱ्यांनी 'कार्गो व्हेंडर' करून सगळे क्रेट (रस्टच्या लायब्ररी) प्रोजेक्टमध्येच आणावेत. रस्ट आणि जावास्क्रिप्ट जोडणाऱ्या वॅझम-बाइंडजेनच्या कमांड लाइन साधनाची आवृत्ती आणि क्रेटची आवृत्ती तंतोतंत एक असली पाहिजे. दोन्हींचा अंतर्गत फॉरमॅट जुळला नाही तर ते साधन काम करायला साफ नकार देतं.

घरी जायच्या आधी परीक्षा घ्या. 'डॉकर रन' ला 'डॅश डॅश नेटवर्क नन' हा पर्याय जोडला की कंटेनरला नेट मिळत नाही. या अवस्थेत कॅश पुसून, पहिल्यापासून पूर्ण बिल्ड झाला तर इमेज पूर्ण आहे. कॅश पुसायची ती प्रोजेक्टच्या बिल्ड फोल्डरची. एमस्क्रिप्टेनची पुसलीत तर मघाशी बांधलेली हार्फबझही जाईल.

आता ती इमेज पेनड्राइव्हवर घ्यायची. इथे 'डॉकर सेव्ह' वापरा, 'डॉकर एक्स्पोर्ट' नाही. एक्स्पोर्ट फक्त कंटेनरमधल्या फाइली देतं. इमेजवर नोंदलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, पाथसकट, गळून पडतात. पलीकडे ती फाइल आयात झाल्यासारखी दिसते, पण ईएमसीसी (एमस्क्रिप्टेनची कंपाइल करायची आज्ञा) टाइप केलं की 'कमांड नॉट फाउंड', कारण पाथच उरलेला नसतो. सेव्ह करताना नाव आणि टॅग द्या, आयडी देऊ नका. आयडी दिला तर लोड झाल्यावर इमेज बिननावाची येते. फाइल जीझिपने दाबून घ्या, 'डॉकर लोड' ती तशीच वाचतं. पेनड्राइव्ह फॅट 32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, एक्सफॅट करून घ्या. सोबत शा-256 बेरजेची (फाइल जशीच्या तशी पोचली का ते ताडायच्या आकड्याची) एक छोटी फाइल ठेवा. विंडोजवर ती 'सर्टयुटिल डॅश हॅशफाइल' ने पडताळता येते. अर्धवट कॉपी झालेल्या इमेजच्या चुका इतक्या विचित्र येतात की कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

घरच्या मशीनवर बहुधा विंडोज आणि 8 जीबी रॅम असते. डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय, डॉकर तिच्यावरच चालतो) त्यातली निम्मी रॅम स्वतःकडे घेतं, म्हणजे कंपायलरला 4 जीबी. मोठा सी प्लस प्लस प्रोजेक्ट 'मेक डॅश जे 8' ने (एका वेळी आठ फाइली कंपाइल करत) चालवलात तर प्रक्रिया मधेच मारली जाते आणि बिल्ड अर्ध्यात बंद पडतो. जे 2 वर या. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून कंटेनरमध्ये माउंट करू नका, लिनक्सच्या बाजूच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फाइली 9पी या फाइल पोचवायच्या संथ प्रोटोकॉलमधून जातात, त्यामुळे हजारो छोट्या फाइलींचा बिल्ड रांगत चालतो. शिवाय फाइल बदलल्याची सूचनाही पोचत नाही, मग आपोआप रिबिल्ड होत नाही. लिनक्सवर 'डॅश यू' ने स्वतःचा यूजर क्रमांक द्या, नाहीतर तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुसायला सूडो लागतो.

व्हीएस कोडचे डेव्ह कंटेनर चांगले आहेत. डॉट-डेव्हकंटेनर फोल्डरमध्ये एक जेसन फाइल, त्यात इमेजचं नाव, पोर्ट आणि एक्स्टेन्शन लिहिली की झालं. पण पहिल्यांदा उघडताना व्हीएस कोड सर्व्हर आणि एक्स्टेन्शन पुन्हा नेटवरूनच येतात. ते शहरात एकदा उघडून झालं असेल तरच गावी त्यावर विसंबा. नाहीतर साधा एडिटर आणि डॉकर रन पुरे.

आता कोडमधली ती जागा, जिथे आपल्या लिपीमुळेच घोटाळा होतो. जावास्क्रिप्टमध्ये 'बेळगाव' ची लांबी 6 येते: ब, मात्रा, ळ, ग, काना, व. वेबअसेंब्लीकडे हा शब्द यूटीएफ-8 मध्ये जातो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे 3 बाइट खातं. म्हणजे 18 बाइट आणि शेवटचा शून्य धरून 19. कन्नड चिन्हांनाही 3 च बाइट लागतात, आणि कन्नडमध्ये गावाचं नाव 'वि' ने संपतं म्हणून तिथे 7 चिन्हं, 22 बाइट. लांबी पाहून 6 बाइटचा मॅलॉक केलात (तेवढी मेमरी मागून घेतलीत) आणि मजकूर तिथे लिहिणाऱ्या स्ट्रिंग-टू-यूटीएफ8 ला कमाल बाइट 6 सांगितलेत, तर पलीकडे फक्त 'ब' पोचतो. शून्यासाठी एक बाइट राखून 5 उरतात, त्यात एकच चिन्ह मावतं. हे बिलावर लगेच दिसतं, म्हणून परवडलं. कमाल आकडा मोठा दिलात तर 19 बाइट लिहिले जातात आणि शेजारच्या मेमरीची नोंदवही खराब होते. वेबअसेंब्लीची मेमरी एकच सलग पट्टा असतो, मध्ये भिंत नसते. त्यामुळे चूक इथे आणि 'मेमरी अ‍ॅक्सेस आउट ऑफ बाउंड्स' भलत्याच फंक्शनमध्ये, तेही कितीतरी वेळाने. इंग्रजी नावांनी चाचणी घेणाऱ्याला ही चूक क्वचितच सापडते, म्हणून चाचणीचा डेटा पहिल्या दिवसापासून मराठी-कन्नड ठेवा. आकार लेंग्थ-बाइट्स-यूटीएफ8 ने मोजा आणि त्यात 1 मिळवा. शंका असेल तेव्हा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारी तपासणी) लावून बिल्ड करा, तो चूक कुठे झाली ते दाखवतो.

जावास्क्रिप्टमधून सी फंक्शन बोलावणाऱ्या सीकॉलला 'स्ट्रिंग' प्रकार सांगितला तर हा हिशेब तो स्वतः करतो, पण मजकूर स्टॅकवर ठेवतो. स्टॅक 64 केबी, म्हणजे देवनागरीची जेमतेम 21 हजार चिन्हं, आणि त्यातच बाकीच्या फंक्शनांचाही वाटा. बिलाला हे भरपूर झालं. अख्खा सातबारा संग्रह एका वेळी पाठवायचा असेल तर मॅलॉकच करा.

मेमरी वाढू देण्याचा पर्याय चालू केलात तर आणखी एक पथ्य पाळा. मेमरी वाढली की आधी घेतलेले टाइप्ड अ‍ॅरे तुटतात, त्यांची लांबी 0 होते. हीप-यू8 चा (मेमरी बाइटवार दाखवणाऱ्या अशा अ‍ॅरेचा) संदर्भ व्हेरिएबलमध्ये साठवून ठेवू नका, दर वेळी नव्याने घ्या.

शेवटी ब्राउझर. एचटीएमएल फाइलवर डबल-क्लिक करून वॅझम (वेबअसेंब्लीची तयार फाइल) लोड होत नाही, छोटा का होईना सर्व्हर लागतोच. कंटेनरमधला सर्व्हर 127.0.0.1 वर ऐकत असेल तर बाहेरून पोचता येत नाही, त्याला 0.0.0.0 वर बसवा. वॅझम फाइलचा प्रकार 'अ‍ॅप्लिकेशन स्लॅश वॅझम' गेला नाही तर स्ट्रीमिंग कंपाइल नाकारलं जातं. एमस्क्रिप्टेन अशा वेळी पूर्ण फाइल उतरवून दुसऱ्या वाटेने जातो, काम होतं पण उशिरा. थ्रेड हवे असतील तर ओपनर पॉलिसी 'सेम-ओरिजिन' आणि एम्बेडर पॉलिसी 'रिक्वायर-कॉर्प' हे दोन हेडर सर्व्हरने पाठवायलाच हवेत. आणि लॅबमध्ये एका मशीनवर सर्व्हर चालवून बाकीच्यांनी 192.168 ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर उघडलं, तर हेडर बरोबर असूनही थ्रेड चालत नाहीत. ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित मानतो, साध्या एचटीटीपीवरच्या लॅन पत्त्याला नाही. तिथे प्रत्येकाने इमेज आपापल्या मशीनवर लोड करून लोकलहोस्टवर उघडावी, पेनड्राइव्ह तसाही सगळ्यांत फिरतोच.