मळे लांबलंय

2025 च्या 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. तेव्हापासून माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रोज कोणीतरी जुनं मशीन काखेत मारून येतं आणि विचारतं, ‘बाद झालं का ओ हे?’ बाद काही होत नाही. विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त सिस्टिम टाकून देतो, पुढची चार-पाच वर्षं बघायला नको. काम झालं की पासवर्ड कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि तसाच दुसरा कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो. दुकानातला पोरगा नवा आहे. तो म्हणाला, ‘मामा, पासवर्ड असा चिकटवतात होय?’ मी त्याला चहा सांगायला पाठवलं. उत्तर लांबलचक होतं. ते 2019 पासून सुरू होतं.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पूर्वेकडच्या एका शाळेतून बोलावणं आलं. उमदीच्याही पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून गाव. सांगलीहून सकाळी निघालो. ढालगावच्या पवनचक्क्या मागे पडल्या की रस्ता हळूहळू उघडाबोडका होत जातो. आदल्या वर्षीचा पाऊस गेलेला होता. गावात टँकर सुरू होता आणि निम्मी घरं कुलूपबंद होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. सातवीपर्यंतची मराठी शाळा. पोरं मैदानावर कन्नडात भांडत होती आणि वर्गात मराठीत गप्प बसत होती.

दहा कॉम्प्युटर होते. कुठल्यातरी योजनेत आलेले, आणि आल्यापासून खोलीला कुलूप. किल्ली हेडगुरुजींच्या खिशात. त्यांचंही चूक म्हणवत नाही, कारण काही हरवलं तर वसुली त्यांच्या पगारातून. तरी कुलूप उघडलं तेव्हा मॉनिटरवरचं कारखान्याचं प्लॅस्टिक तसंच बघून मला रागच आला. दहा मशीन विकत घेणाऱ्याला एका खोलीत इतके प्लग कुठून येणार एवढा साधा प्रश्न पडला नव्हता. भिंतीवर दोन सॉकेट होती, त्यातलं एक जळलेलं.

आता आमच्या कामातली थोडी गंमत सांगतो. न वापरलेलं मशीन वापरलेल्यापेक्षा जास्त खराब होतं. एका पॉवर सप्लायमध्ये पालीची अंडी निघाली. दोन माउसच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. सगळ्यांच्या बोर्डावरचे सेल मेलेले, त्यामुळे मशीन चालू केलं की तारीख मागच्याच कुठल्यातरी जन्मातली. रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळेच्याच खोडरबरानं घासले. पोरं दारात उभी राहून बघत होती. एक म्हणाला, ‘सर, आमचा रबर चालतोय होय?’ चालतो. कंपनीचा इंजिनिअरही तेच करतो, फक्त दार लावून करतो. दहातून संध्याकाळपर्यंत सहा उठवले, बाकीच्या चारांचे अवयव या सहांत गेले.

सहाही मशीनवर डेबियन 9 हे लिनक्स टाकलं. दोन जीबी रॅमवर विंडोज रांगतं, हे धावतं. एका मशीनला सर्व्हर केलं. त्यावर किविक्स हा प्रोग्राम आणि मराठी विकिपीडियाची फाइल, म्हणजे इंटरनेट नसतानाही बाकीच्या पाचांवर विकिपीडिया उघडणार. मोबाइलची रेंज पिंपळाच्या पारावर जाऊन शोधायची असते तिथे याची किंमत कळते. पोरांच्या कामाचा सामाईक फोल्डरही त्याच सर्व्हरवर. तो मी मुद्दाम वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवला. उद्या सिस्टिम बिघडली, पुन्हा टाकावी लागली, तरी पोरांनी केलेलं काम जागच्या जागी. हे मी माझ्या प्रत्येक मशीनला करतो आणि त्याचा मला अभिमान आहे. होता म्हणूया.

हेडगुरुजींची अडचण निराळीच. ‘बिल कुठंय?’ म्हटलं, बिल नाही, हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. ‘मग डेडस्टॉकच्या वहीत काय लिहू? फुकटचं लिहिलं तर ऑडिटवाला विचारणार, कुणाकडनं घेतलं?’ शेवटी किमतीच्या रकान्यात त्यांनी ‘निरंक’ लिहिलं आणि सही केली.

मग शिक्षकांना बसवून मी माझं नेहमीचं भाषण दिलं. 1983 साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारा रिचर्ड स्टॉलमन सांगतो ते चार हक्क बोटांवर मोजून दाखवले: हवं तसं वापरा, उघडून बघा आणि बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलंही द्या. ‘हे आता तुमचं आहे.’ पाचवी-सहावीच्या गुरुजींनी विचारलं, ‘काही अडलं तर?’ म्हटलं, फोन करा. रूटचा, म्हणजे मशीनच्या सगळ्या किल्ल्या हातात देणारा, पासवर्ड माझ्या डायरीत लिहिला आणि डायरी बॅगेत टाकली. गुरुजींना दिला असता तर त्यांनी पोरांना दिला असता आणि पोरांनी काहीतरी उद्योग करून ठेवला असता. असं मला वाटलं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. मराठी टंकनासाठी मी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड लावून दिला होता. टायपिंग क्लासवाले याला नाक मुरडतात, कारण त्यांची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर वळलेली. इंग्रजी स्पेलिंगमधून मराठी लिहिणाऱ्यांना तर तो शिक्षाच वाटतो. पण ज्या पोरानं कुठलाच कीबोर्ड पाहिलेला नाही त्याला इन्स्क्रिप्टसारखं सोपं काही नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, बाराखडी येत असली की झालं. 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं तो ठरवला, आणि ठरवणाऱ्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. आपल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, म्हणून ‘क’ची कळ देवनागरीत जी तीच कन्नडात, तीच तेलुगूत, तीच बंगालीत.

हे मला वीस वर्षं माहीत होतं. म्हणजे वाचून माहीत होतं.

गाव सीमेवरचं म्हणून मी कन्नडची मांडणी आणि फॉन्ट सहज टाकून ठेवले होते, आणि दोन्ही शिफ्ट एकदम दाबले की भाषा बदलेल अशी सोय केली होती. सहावीतली एक मुलगी धड्यातला ‘मळे’ हा शब्द लिहीत होती. सी म्हणजे म, शिफ्ट धरून एन म्हणजे ळ, एस म्हणजे मात्रा. ‘ळ’साठी शिफ्ट शोधताना तिनं दोन्ही दाबले, मग सगळं खोडून शब्द पहिल्यापासून लिहिला. पडद्यावर गोल गोल अक्षरं उमटली.

‘सर, बिघडलं.’

बघितलं तर शब्द तोच होता, फक्त लिपी कन्नड. ती म्हणाली, ‘विजापूरच्या बसवर असतंय तसलं आलंय.’ तिला कन्नड बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. आणि मराठीत ज्याचा अर्थ बागायत, त्या ‘मळे’चा कन्नडात अर्थ पाऊस. मलाही हे तेव्हाच कळलं, शेजारच्या पोरानं ‘मळे बंतु, मळे बंतु’ असं ओरडून वर्ग डोक्यावर घेतला तेव्हा. पाऊस आला, पाऊस आला.

मुलीनं ती अक्षरं चित्र काढावं तशी वहीत उतरवली आणि घरी नेली. तिची आई विजापूरकडची, सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली. लग्न होऊन इकडे आल्यावर वाचायला समोर आला तो मराठी रेशनकार्डाचा कागद. त्या बाईनं मुलीच्या वहीतलं वाचलं. मुलीला स्वतःनं लिहिलेलं वाचता येत नव्हतं, आईला येत होतं.

पंधरा दिवसांनी सर्व्हर तपासायला गेलो तेव्हा मुलगी वाटच बघत होती.

‘सर, अव्वा हसली. म्हणाली, मळे लांबलंय.’

मला वाटलं दुष्काळाबद्दल बोलते आहे. तसं नव्हतं. कन्नडात ‘ए’ दोन, आखूड आणि लांब, आणि पाऊस आखूड ‘ए’चा. मराठीत एकच ‘ए’, त्याच्या कळीवर कन्नडातला लांब बसवलेला आहे. आखूडाची कळ वेगळी, सर्वांत खालच्या ओळीत डाव्या टोकाला. वीस वर्षं इन्स्क्रिप्टचं कौतुक करणाऱ्या मला जे सांगता आलं नसतं ते सातवी शिकलेल्या बाईनं एका नजरेत पकडलं होतं.

गुरुजींनी हे धरलं. ते हुशार माणूस. पहिलीच्या पोरांना आपण ‘ऊठ’ म्हटलं की ती जेवायची वेळ झाली समजतात, कारण कन्नडात ‘ऊट’ म्हणजे जेवण. ‘हालू नको’ म्हटलं तर त्यात त्यांना दूध ऐकू येतं. असले शब्द पोरांनी घरून विचारून आणायचे आणि लिबरऑफिसच्या तक्त्यात भरायचे: मराठी शब्द, कन्नड शब्द देवनागरीत, कन्नड शब्द कन्नडात. शेवटचा रकाना घरी आई-आजीनं तपासायचा. जूनपर्यंत तीनशेच्या वर शब्द झाले होते. गुरुजी फोनवर आकडा सांगायचे, धावसंख्या सांगावी तसा.

ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलावर पाणी 57 फुटांच्या वर गेलं, माझं दुकान मारुती चौकाजवळ, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. गिऱ्हाइकांची मशीन वर चढवण्यात पहिला दिवस गेला, मग आम्हीच होडीतून बाहेर निघालो. फोन भिजून बंद पडला. त्याच आठवड्यात जतकडे टँकर आणि चारा छावण्या सुरू होत्या. एकाच जिल्ह्यात.

महिनाअखेरीस नव्या फोनमध्ये जुनं सिम टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत गेलो. सर्व्हरवर विंडोज 7 होतं. चोरीचं, कोपऱ्यात तशी पाटीच झळकत होती. झालं ते एवढंच: काम चालू असताना वीज गेली, पोरांच्या फोल्डरचं ते वेगळं पार्टिशन खराब झालं, आणि सुरू होताना मशीन दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड मागत थांबलं. पासवर्ड टाकून एक आज्ञा द्यायची, फार तर दहा मिनिटं. गुरुजींनी मला दोन दिवस फोन लावला. मग शिक्षण खात्याचे कोणी पाहुणे येणार म्हणून हेडगुरुजींनी मोबाइल दुकानातल्या पोराला बोलावलं. त्यानं त्याला येत होतं ते केलं, सगळी डिस्क पुसली. त्याच्यावर राग काढून बघितला, टिकला नाही. पासवर्ड असलेली डायरी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होती, तिचा लगदा झाला होता.

दुसरी प्रत नव्हती. ती ठेवायला पोरांना मी शिकवलंच नव्हतं, ते माझं काम समजत होतो.

‘पुन्हा डेबियन टाकू?’ मी विचारलं. हेडगुरुजी म्हणाले, ‘राहू दे आता. चालतंय की.’ मी भांडलो नाही. भांडायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही. त्यांनी खोलीची किल्ली खिशात ठेवली होती तेव्हा मला राग आला होता, आणि आता ते माझ्याकडे बघत होते.

मुलगी आली. ‘सर, कन्नड कुठं गेलं?’

विंडोजमध्येही इन्स्क्रिप्ट असतो, कन्नडसुद्धा. तो मानक आहे, कुणा कंपनीचा नाही. त्या चोरीच्या विंडोजवर मी कंट्रोल पॅनेलात जाऊन तो चालू केला. मग गुरुजींना आणि तिला शेजारी बसवून तोच बंद करायला लावला, आणि पुन्हा त्यांच्याच हातानं चालू करायला लावला. दोनदा.

तिच्या वहीत साठ-सत्तर शब्द उरले होते. ती ओळीनं भरायला लागली. सी, शिफ्ट-एन, आणि मग करंगळी खाली डाव्या टोकाला.