टाकी बंद, बेडूक चालू

शेतातली पोहायची टाकी आज हिवाळ्यापुरती बंद करायला घेतली. स्वतःच! पोरगं म्हणालं, "पप्पा, पाणी ज्वारीला सोडून द्या की." क्लोरीनचं पाणी? शिवाय आपली काळी माती फुगली की रिकाम्या टाकीच्या भिंती दाबते. पाणी ठेवलंच. इथं बर्फ होत नाही, त्यामुळं पाइप कोरडे करायची कटकट नाही.

लिंबाचा पाला जाळीनं काढता काढता कंबर गेली. वाळूच्या फिल्टरमधून पाणी उलट्या दिशेनं सोडून तो धुतला तर आधी चहासारखं पाणी, मग हळूहळू नितळ. पंपाच्या जाळीत बेडूक निघाला, जिवंत! पाण्याचा पीएच (आम्लपणाचं माप) ७.४ आला, म्हणजे ठीक. क्लोरीन दिवस मावळल्यावर टाकलं, उन्हात ते उडून जातं. आता पंप रात्रभर चालवायचा, तर लाईट गेली. ताडपत्री उद्या. बेडूक परत टाकीच्या काठावर बसलाय.