तुम्ही विचारलंत म्हणून : चालत्या कोडमधला बिघाड

“आमचे अ‍ॅप्लिकेशन व्यवस्थित चालते, ग्राहकांची तक्रार नाही, मग एखादा किरकोळ बदल सांगितला की पंधरा दिवस का लागतात, आणि कोडमध्ये नेमके काय बिघडले आहे हे तुम्ही बाहेरून येऊन कसे ओळखता?” इतरांनी लिहिलेली वेब अ‍ॅप्लिकेशन्स सांभाळण्याचे काम करताना हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. मी फाइली उघडतो, नाक मुरडतो आणि जे वाईट दिसेल त्यावर खूण करतो, अशी विचारणाऱ्याची बहुधा समजूत असते. सुरुवातीच्या काळात मी तसे करतही असे. त्यातून मालकांचे पैसे गेले आणि फाइली देखण्या झाल्या, एवढेच.

उत्तर एका उदाहरणावरून देतो. कोकण किनारा आणि गोवा इथल्या छोट्या लॉजमालकांसाठी खोल्यांचे आरक्षण आणि बिले सांभाळणारे एक अ‍ॅप्लिकेशन २०१९ साली माझ्याकडे आले. ते पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले होते, पाच-सहा जणांच्या हातून गेलेले होते आणि चालत होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर (जीएसटी) लागू झाला तेव्हा खोलीच्या भाड्यावर चार टप्पे होते: एक हजाराच्या आत कर नाही, एक हजारापासून अडीच हजारांच्या आत १२ टक्के, अडीच हजारांपासून साडेसात हजारांच्या आत १८ टक्के, आणि साडेसात हजार व त्यापुढे २८ टक्के. त्या वेळच्या प्रोग्रामरने हे टप्पे बिलाच्या फाइलमध्ये एकाखाली एक ‘इफ’, म्हणजे ‘अमुक असेल तर तमुक कर’ अशा अटी, लिहून बसवले, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. पुढे मोबाइलसाठी वेगळे पान आले, एजंटांचे कमिशन आले, रद्द झालेल्या आरक्षणाचा परतावा आला, मासिक अहवाल आला, आणि प्रत्येक वेळी तेच ‘इफ’ उचलून नव्या जागी चिकटवले गेले.

२० सप्टेंबर २०१९ रोजी जीएसटी परिषदेची ३७वी बैठक, योगायोगाने, गोव्यातच झाली आणि खोल्यांवरचे दर उतरले. एक हजारापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेसात हजारांपर्यंत १२ टक्के, त्याहून जास्त भाड्याला १८ टक्के. लागू १ ऑक्टोबरपासून. आमच्या हातात दहा दिवस होते. मालकांचे म्हणणे असे की आकडेच तर बदलायचे आहेत, तासाभराचे काम.

आता हे तासाभराचे काम जवळून पाहा. कोडमध्ये १८ हा आकडा शोधला तर अक्षरांचे आकारमान, तारखा आणि किमान वयाची अट असे शेकडो निकाल समोर येतात. ०.१८ शोधले तर काही जागा सापडतात, पण सगळ्या सापडत नाहीत, कारण करासहित रकमेतून मूळ भाडे काढणाऱ्या जागी तोच दर १.१८ने भागण्याच्या रूपात लिहिलेला असतो. एकाने तेच गणित १०० गुणिले, ११८ने भागिले असे केले होते. बिलावर केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा वेगळा दाखवावा लागतो, म्हणून तिथे ना १८ होता ना ०.१८, तिथे ९ आणि ९ होते. म्हणजे सरकारचा एकच निर्णय या कोडमध्ये पाच वेशांत वावरत होता, आणि ते पाचही वेश एकाच माणसाचे आहेत हे सांगणारी नोंद कुठेही नव्हती. त्यात आणखी एक भर होती. जुलै २०१८पासून टप्पा ठरवताना खोलीचा जाहीर दर धरण्याऐवजी प्रत्यक्ष आकारलेले भाडे धरायचे असा नियम झाला होता, आणि तो बदल कोडमध्ये निम्म्या जागी झाला होता, निम्म्या जागी राहून गेला होता.

आम्हाला तेवीस जागा सापडल्या. चोविसावी सापडली नाही. ती परताव्यात होती. समजा, ४,००० रुपयांच्या खोलीसाठी पाहुण्याने नव्या दराने ४,४८० रुपये भरले आणि नंतर आरक्षण रद्द केले. परताव्याचा कोड अजूनही १.१८ने भागत असल्यामुळे कागदावर मूळ भाडे ३,७९६ रुपये ६१ पैसे आणि कर ६८३ रुपये ३९ पैसे असे छापले जात होते. बेरीज बरोबर ४,४८०च येत होती, म्हणून पाहुण्याला शंका आली नाही आणि मालकालाही आली नाही. महिनाअखेरीस विवरणपत्र भरताना ४८० रुपये कर घेऊन ६८३ परत केल्याचे लेखापालबाईंच्या लक्षात आले, आणि तो फोन मला आजही आठवतो.

मी ज्याला बिघाड म्हणतो तो हा. एखादे फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लांबलचक आहे, नावे चमत्कारिक आहेत, रकाने सरळ नाहीत, ही सगळी गैरसोय झाली. बिघाड तिथे असतो जिथे बाहेरच्या जगाने एक निर्णय बदलला की कोडमध्ये अनेक जागी, आणि तेही आठवणीने, बदल करावा लागतो. यात नवे काही नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२मध्येच मांडले होते की प्रोग्रामचे भाग कामाच्या क्रमाने पाडू नयेत; जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, त्यांतला प्रत्येक एकेका भागात झाकून ठेवावा. आमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये आरक्षण, बिल, परतावा, अहवाल असे भाग कामाच्या क्रमाने पाडलेले होते आणि कराचा निर्णय त्या सगळ्यांतून पाझरला होता.

असा पाझर डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मी कोडच्या आधी त्याचा इतिहास वाचतो. कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या गिट या साधनात प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलांबरोबर, कोणत्या फाइली बदलल्या याची नोंद असते. गेल्या दोन वर्षांची नोंद काढून कोणती फाइल किती वेळा बदलली हे मोजायचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या फाइली नेहमी जोडीने बदलतात हे पाहायचे. बिल आणि मासिक अहवाल या दोन फाइली एकमेकींना कुठेही बोलावत नसताना दर वेळी एकाच कमिटमध्ये किंवा दुसऱ्याच दिवशी ‘राहिलेले दुरुस्त केले’ अशा शेऱ्यासह बदलत असतील, तर त्या दोघींच्या मध्ये एखादा न लिहिलेला करार आहे असे समजावे. कमिटचे शेरेही वाचावेत. ‘पुन्हा’, ‘आता नक्की’, ‘शेवटचे’ हे शब्द ज्या फाइलीवर वारंवार येतात तिथे मी पहिली बैठक मारतो.

याच अ‍ॅप्लिकेशनमध्ये पीडीएफ बनवणारी एक फाइल होती. अडीच हजार ओळी, एकच फंक्शन, आणि चलांची (व्हेरिएबल्सची) नावे ए, एए, एएए अशी. नवशिक्या सहकाऱ्याचा हात तिच्यावर शिवशिवत होता. पण तिला तीन वर्षांत कोणी स्पर्श केला नव्हता आणि करण्याचे कारणही पुढे दिसत नव्हते, म्हणून मी ती तशीच ठेवली. ती आजही तशीच आहे. प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२मध्ये अशा, दुरुस्ती पुढे ढकललेल्या कामाला कर्जाची उपमा दिली, ती पुढे तांत्रिक कर्ज म्हणून रूढ झाली. ती उपमा वापरायचीच असेल तर हेही ध्यानात घ्यावे की ज्या फाइलीला हातच लागत नाही, तिच्यावर व्याजही चढत नाही.

दुरुस्तीची सुरुवात आम्ही कोड बदलून केली नाही. आधी मागच्या वर्षभरातली तीनशे खरी बिले आणि परतावे घेतले, पाहुण्यांची नावे आणि फोन नंबर पुसले, आणि आहे त्या कोडमधून ती पुन्हा काढून उत्तरे जपून ठेवली. यात निवड महत्त्वाची असते. साडेसात हजारांच्या नेमक्या भाड्याची बिले मी मुद्दाम घेतली होती. २०१७च्या नियमात साडेसात हजार ही रक्कम वरच्या टप्प्यात मोडत होती, २०१९च्या नियमात ती खालच्या टप्प्यात गेली. कोडमध्ये हा फरक एका बरोबरच्या चिन्हाचा आहे, पण पाहुण्याच्या खिशात तो २८ आणि १२ टक्क्यांमधला फरक आहे.

मग डेटाबेसमध्ये एक तक्ता केला: कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, किती रकमेपर्यंत, किती टक्के. त्यावर एकच फंक्शन ठेवले, ज्याला तारीख आणि भाडे दिले की ते दर सांगते. जुने दर पुसले नाहीत, कारण मार्चमध्ये दिलेल्या बिलाचा परतावा नोव्हेंबरमध्ये निघाला तरी त्याला मार्चचाच दर लागतो. आगाऊ रक्कम आधी घेतली आणि मुक्काम दर बदलल्यानंतर झाला, तर कोणती तारीख धरायची हे ठरवणे लेखापालबाईंचे काम. त्यांनी ठरवलेला नियम एकाच जागी राहील हे पाहणे माझे. त्यानंतर चोवीस जागांपैकी एकेक जागा त्या फंक्शनकडे वळवली, प्रत्येक वेळी तीनशे बिले ताडून पाहिली, आणि तेवढाच बदल लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, आणला. याला पाच आठवडे लागले, कारण नेहमीची कामे शेजारी चालूच होती.

चौथ्या दिवशी एक पैशाचा फरक निघाला. सवलत वजा जाऊन भाडे १,२०४ रुपये २५ पैसे झाले होते. बिल दोन हिस्से वेगवेगळे काढून प्रत्येकी ७२ रुपये २६ पैसे, म्हणजे एकूण १४४ रुपये ५२ पैसे धरत होते. अहवाल एकूण १२ टक्के एकदम काढून १४४ रुपये ५१ पैसे. दोन वर्षे ताळेबंदात न जुळणारे जे पैसे लेखापालबाई हाताने ‘इतर’ खात्यात टाकत होत्या, ते इथून येत होते. माझा सहकारी तिथल्या तिथे दुरुस्त करायला निघाला, मी थांबवले. कोड हलवताना त्याची चूकही जशीच्या तशी हलवावी, आणि ती चूक नंतर, वेगळ्या कमिटमध्ये, विचारून दुरुस्त करावी. नाहीतर बिले जुळेनाशी झाली तर दोष हलवण्यात होता की दुरुस्तीत, हे कळायला मार्ग राहत नाही.

माझ्याही चुका सांगितल्या पाहिजेत. पावतीच्या शेवटी दोन रिकाम्या ओळी छापल्या जात होत्या आणि वर टिपण्णी होती: ‘काढू नये.’ कारण दिलेले नव्हते, म्हणून मी त्या काढल्या. दुसऱ्या दिवशी एका लॉजवरून फोन आला की पावतीवरची ‘एकूण’ची ओळ फाटून निम्मी मशीनमध्येच राहते. थर्मल प्रिंटरमध्ये कागद फाडायची पट्टी छपाईच्या जागेच्या पुढे असते. त्या दोन ओळी कागद तेवढा पुढे सरकवत होत्या. मी ओळी परत घातल्या आणि टिपण्णीत कारण लिहिले. दुसऱ्या एका ठिकाणी, कोणी वापरत नाही असे वाटणाऱ्या फंक्शनमध्ये नोंद ठेवून महिनाभर वाट पाहिली, एकही नोंद आली नाही म्हणून ते काढून टाकले. ते ३१ मार्चला चालणारे होते. तेव्हापासून हिशेबाशी संबंधित कोड काढण्याआधी मी एक पूर्ण आर्थिक वर्ष जाऊ देतो.

“मग सगळे नव्यानेच का लिहून काढत नाही?” हा उपप्रश्न ठरलेला असतो. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९८मध्ये जुना कोड बाजूला ठेवून ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती कधी बाहेर आलीच नाही, सहावी आली ती नोव्हेंबर २०००मध्ये, आणि तोवर बाजार मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या हाती गेला होता. लॉजमालकाचा धंदा त्याहून कितीतरी लहान आहे, पण त्याच्या कोडमध्येही त्या दोन रिकाम्या ओळींसारख्या शंभर गोष्टी असतात, आणि नव्याने लिहिणाऱ्याला त्या एकेका फोनवरून पुन्हा शिकाव्या लागतात.

१८ जुलै २०२२पासून एक हजारापर्यंतच्या खोल्यांवरची सूट गेली आणि त्यांनाही १२ टक्के लागला. तक्त्यात ओळ घातली, दर बरोबर आले, आणि तरी स्वस्त खोल्यांच्या बिलांवर कर दिसेना. पावतीच्या नमुन्यात ‘भाडे एक हजारापर्यंत असेल तर कराचे रकाने लपवा’ अशी एक अट स्वतंत्रपणे बसलेली होती. आम्ही टक्के शोधत फिरलो होतो, हजार हा आकडा कोणी शोधलाच नव्हता. ती अट बदलून ‘कर शून्य असेल तर लपवा’ अशी केली. २२ सप्टेंबर २०२५पासून साडेसात हजारांपर्यंतचा दर ५ टक्के झाला, तेव्हा तक्त्यात एक ओळ वाढली आणि तीनशे बिलांत नवी बारा बिले घातली; लेखापालबाईंनी आकडे तपासून होकार देईपर्यंत चहा गरम होता.

तुमचेही असे काही काम असेल तर कोड झिप करून पाठवू नका, कारण त्यात इतिहास नसतो; पूर्ण गिट भांडार द्या. सोबत नावे पुसलेली दोन-तीनशे जुनी बिले द्या, आणि जी व्यक्ती महिनाअखेरीस ते न जुळणारे पैसे ‘इतर’ खात्यात टाकते, तिच्याशी मला अर्धा तास बोलू द्या.