एका प्लॉटचे दोन करताना: माझा अनुभव

नागपुरातला मानेवाड्याकडचा बाबांचा प्लॉट त्यांच्या पश्चात आम्हा दोघा भावंडांच्या नावावर चढला. 40 बाय 75 फूट, म्हणजे 3000 चौरस फूट, कोपऱ्याचा. उत्तरेला 40 फुटांची बाजू, पश्चिमेला 75 फुटांची, आणि दोन्हीकडे रस्ता. पुढच्या भागात बाबांनी बांधलेलं घर, मागे मोकळी जागा. घराचा भाग भावाने घ्यायचा आणि मागचा मी, यावर आमच्यात कधीच वाद नव्हता. वारसनोंदही विनाअडथळा झाली. खरं काम पुढे होतं: त्या एका प्लॉटचे कायद्याने दोन प्लॉट करून घेणं.

भावाचं म्हणणं साधं होतं. "ताई, आपण एक वीट तरी रचून राहिलो का? घरातल्या घरात वाटणी आहे. परवानगी कशाची?" हे वाक्य मी आमच्या भागात कितीतरी घरांतून ऐकलं आहे. लोक वाटणीपत्र करतात, त्याची नोंदणी करतात, मधोमध भिंत घालतात. मग काही वर्षांनी कोणी नकाशा मंजुरीला जातो आणि तिथे कळतं की मंजूर नकाशात तो प्लॉट अजून एकच आहे. भावाच्या प्रश्नाचं उत्तर 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 2 मध्ये मिळालं. 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत तिथे बांधकाम आहे, खोदकाम आहे, वापरातला बदल आहे, आणि जमिनीचा ले-आऊट व पोटविभागणीसुद्धा आहे. म्हणजे वीट न रचताही प्लॉटचे दोन भाग करणं हा कायद्याच्या लेखी विकास, आणि विकासाला परवानगी लागते. वाटणीपत्राने मालकी ठरते. प्लॉट किती, हे मंजूर नकाशाच ठरवतो.

तेव्हापासून मी कागद वाचायची पद्धतच बदलली. आधी व्याख्या, मग नियम. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 मध्ये जी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्या पहिल्याच प्रकरणात व्याख्या आहेत. लोक ती पानं उलटून थेट एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याच्या, तक्त्यावर जातात. माझं मत आता पक्कं आहे की सामान्य माणसाच्या सगळ्यात कामाची पानं तीच आहेत, कारण फाईल अडते ती बहुतेकदा शब्दांवर. मी वही घेऊन बसले आणि आमच्या प्लॉटशी संबंध येईल असा एकेक शब्द माझ्या भाषेत उतरवून घेतला: प्लॉट, कोपऱ्याचा प्लॉट, रस्ता, रस्त्याची रुंदी, रस्ता रेषा (रस्त्याची ठरवून दिलेली हद्द), इमारत रेषा, सामासिक अंतर (हद्दीपासून बांधकामापर्यंत सोडायची जागा), मोकळी जागा.

आमचा ले-आऊट गुंठेवारीतला. दक्षिण आणि पूर्व नागपुरात '572' आणि '1900' हे आकडे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. शेतजमिनी घेऊन, मंजुरीविना प्लॉट पाडून विकलेल्या वस्त्या पुढे नियमित करण्यात आल्या, त्या ले-आऊटच्या याद्यांचीच ही नावं. असे प्लॉट कोणत्या तारखेपर्यंतचे असले तर नियमित होतील, याची 2001 च्या गुंठेवारी कायद्यातली मूळ मुदत 1 जानेवारी 2001 ची होती, 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. या कायद्यातही व्याख्याच नीट वाचण्यासारखी आहे. त्यात घर बांधलेले आणि मोकळे असे दोन्ही प्लॉट येतात, शिवाय वहिवाटीचे रस्ते आणि मोकळ्या जागाही येतात. बाबांनी डिमांड नोट, म्हणजे मागणीपत्राची रक्कम, भरून आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) वेळेत घेतलं होतं आणि पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. त्या पिशवीचे आभार मानावे तितके थोडे.

पुढे मोजणीचा अर्ज, मोजणी, 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा). यात वेळ गेला, पण सांगण्यासारखं फार नाही. शेजाऱ्यांना नोटीस गेली, सगळे हजर राहिले, खुणा ठरल्या.

आर्किटेक्टने पोटविभागणीचा पहिला नकाशा अगदी मधोमध रेघ मारून काढला, साडेसदतीस-साडेसदतीस फूट. मी वही उघडली. मधली रेघ ही आता दोन्ही प्लॉटची हद्द होणार, आणि हद्द आली की तिच्यापासून सोडायचं अंतरही आलं. बाबांच्या घराची मागची भिंत त्या रेघेच्या फार जवळ पडत होती. उद्या घरावर मजला चढवायचा झाला तर भावाला त्रास. म्हणून रेघ मागे सरकवली: पुढचा भाग 40 बाय 40, मागचा 40 बाय 35. माझ्या वाट्याला निम्म्यापेक्षा 100 चौरस फूट कमी आले आणि त्याचा हिशेब भावाने पैशात केला. घरातल्या माणसांनी हे नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी ठरवावं, नंतर नाही.

कोणीतरी आम्हाला घाबरवलं होतं की विभागणी करायची तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागेल. ती अट 4000 चौरस मीटर आणि त्यावरच्या जमिनीच्या ले-आऊटला आहे. आमचा अख्खा प्लॉट 279 चौरस मीटरचा, तोही आधीच नियमित झालेल्या ले-आऊटमधला. पान दाखवल्यावर तो विषय तिथेच संपला.

अडलं ते रस्त्यावर. विभागणीनंतर पुढचा प्लॉट कोपऱ्याचाच राहतो, त्याला दोन रस्ते. मागच्याला, म्हणजे माझ्या प्लॉटला, फक्त पश्चिमेचा. त्या रस्त्यावर डांबर जेमतेम 12 फुटांचं. दोन्ही बाजूंना मुरूम, एका बाजूला नाली, दोन कडुनिंब, आणि समोरच्या घराच्या पायऱ्या पुढे आलेल्या. पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी टेप डांबरावर धरला. "ताई, हा रोड तर बाराच फुटाचा दिसून राहिला." फाईलवर शेरा पडला की मागच्या प्लॉटला पोहोच रस्त्याची रुंदी अपुरी आहे.

हा शेरा तसाच राहिला असता तर माझा प्लॉट कागदावर झालाच नसता, कारण निवासी ले-आऊटमध्ये 150 मीटर लांबीपर्यंतचा अंतर्गत रस्ताही 9 मीटर रुंद लागतो. मी कोणाची ओळख शोधत फिरले नाही. व्याख्या वाचली. रस्त्याची रुंदी म्हणजे रस्त्याच्या हद्दींमधली सगळी जागा, नगर भूमापनाने, विकास योजनेने किंवा कायद्याने ठरवलेल्या रस्ता रेषेप्रमाणे, रस्त्याच्या दिशेला काटकोनात मोजलेली. डांबराचा उल्लेखही नाही. 'रस्ता' या शब्दाच्या व्याख्येत तर रस्ता रेषांच्या आतल्या नाल्या, पदपथ, झाडं, कुंपणं, कठडे हे सगळं रस्त्यातच धरलं आहे. आमची नाली रस्ता, दोन्ही कडुनिंबही रस्ता. समोरच्या पायऱ्याही रस्त्याच्या जागेतच उभ्या. अतिक्रमण झालं म्हणून रस्त्याची हद्द आत सरकत नाही.

फक्त व्याख्या सांगून भागलं नसतं, रेषा कुठे आहे ते दाखवणं भाग होतं. नियमित झालेल्या ले-आऊटच्या नकाशाची प्रमाणित प्रत काढली. त्यावर पश्चिमेचा रस्ता 30 फूट, म्हणजे 9.14 मीटर. मोजणीच्या 'क' प्रतीत आमची हद्द जिथे संपत होती, तिथून समोरच्या प्लॉटच्या हद्दीपर्यंतचं अंतर आर्किटेक्टने काटकोनात मोजून वेगळ्या रेखाचित्रात दाखवलं. उत्तराचं पत्र एका पानाचं केलं: वर व्याख्येचा उतारा, खाली नकाशावरचा आकडा, त्याखाली जागेवरचं माप. 'कृपया सहानुभूतीने विचार व्हावा' असलं काही लिहिलं नाही. भावाला ते पत्र रुक्ष वाटलं. मला वाटतं अशा पत्रात विनवणी आली की मुद्दा पातळ होतो.

दुसरी पाहणी झाली तेव्हा तेच अभियंता होते. या वेळी टेप हद्दीच्या खुणेपासून धरला गेला. त्यांनी माझं पान शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "हे असं लिहून दिलं म्हणजे आम्हालेही शेरा काढता येते." त्या माणसावर माझा राग नाही. फाईलमध्ये आधार नसेल तर तोही काय करणार?

समोरच्या काकाजींना वाटलं, आम्ही त्यांच्या पायऱ्या पाडायला निघालो आहोत. मी त्यांच्या घरी जाऊन बसले, दोन्ही कागद दाखवले. त्यांना पहिल्यांदा समजलं की आपली हद्द पायऱ्यांच्या बरीच मागे आहे. पुढच्या वेळी घर रंगवताना पायऱ्या आत घेतो म्हणाले.

मंजुरी आल्यावर आधी मंजूर नकाशा जोडून वाटणीपत्र केलं, दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं, मग दोन्ही प्लॉटची नोंद वेगळी करायला दिली. हा क्रम उलटा करू नका. वाटणीपत्रात लिहिलेली मापं आणि मंजूर नकाशातली मापं एकाच एककात ठेवा. आम्ही चौरस मीटर वापरले आणि फूट फक्त सोयीसाठी शेजारी लिहिले.

आता गल्लीतल्या आणखी दोन घरांना विभागणी करायची आहे. त्यांच्या बाजूचा रस्ता नकाशावर 30 फूट आहे आणि जागेवर कुंपणं पुढे आल्यामुळे बराच कमी. माझी वही सध्या त्यांच्याकडे आहे, आणि ले-आऊटच्या नकाशाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्यांच्याबरोबर मीही जाणार आहे.